विसळलेल्या डब्यांचं पाणी

मला काळजी करायला फारसं निमित्त लागत नाही. नवरा म्हणतो, सगळं सुरळीत चाललं असलं की तुला जास्तच काळजी वाटते. खोटं नाही ते. पण नेदरलँड्समध्ये जुनी डिझेलची बोट विकत घेतली की निमित्तं शोधत फिरावं लागत नाही, ती आपली आपण घरी येतात.

बोट माझी होती. नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेला कागद म्हणून मी या देशात आले, बरीच वर्षं 'डिपेन्डन्ट' हा शब्द अंगावर वागवला, आणि मग हळूहळू जमवलेल्या पैशांतून ही बोट घेतली. रॉटरडॅमपासून थोडं बाहेर, नदीच्या फाट्यावर आम्ही राहतो. उन्हाळ्यात इथल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात कुणाचे ना कुणाचे आईवडील आलेले असतात. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि ही मंडळी खिडकीशी बसून जाणाऱ्या सायकली बघतात. त्यांना मी कालव्यांमधून फिरवून आणते, मराठीत चार गोष्टी सांगते, मध्ये थर्मासमधला चहा आणि घरचे वडे देते. धंदा म्हणायला लहानच, पण माझा होता. आणि तो सगळा त्या बोटीच्या पोटातल्या दोन सिलिंडरच्या म्हाताऱ्या इंजिनावर उभा होता. इंजिन गेलं तर दुसरं घालण्याची माझी ऐपत नव्हती. म्हणजे बोट गेली, आणि मी पुन्हा खिडकीशी.

या इंजिनाची एक खोड आहे. ते स्वतःला थंड ठेवायला नदीचंच पाणी आत ओढतं आणि मागून बाहेर टाकतं. त्यातलं थोडं आत उरतं. थंडीत ते गोठलं की फुगतं आणि फुगताना लोखंडाला तडा देतं. म्हणून हिवाळ्याआधी आतलं पाणी हाकलून त्या जागी न गोठणारं द्रव भरून ठेवायचं असतं. इथले लोक हे काम दात घासल्यासारखं सहज करतात. मी मात्र सप्टेंबरपासूनच त्या विचाराने झोपेत कूस बदलायला लागते.

त्या वर्षी बाबा आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. सोलापूरला पाणीपुरवठा खात्यात त्यांची उभी हयात गेली. पंप, व्हॉल्व्ह, पाइप, गळती, कुठे दाब कमी पडतो आणि का, हे सगळं त्यांच्या बोटांवर. पण आमच्या घरात करायला काय होतं? नळ गळत नव्हते. पाणी चोवीस तास होतं, आणि त्याचंच त्यांना मनातून वाईट वाटत असावं. मुलगी त्यांच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि पळायची. दुपारी मी खोलीत डोकावले तर हे आपले हात मांडीवर ठेवून बसलेले दिसायचे.

म्हणून मीच म्हटलं, "बाबा, बोटीचं इंजिन हिवाळ्यासाठी बंद करायचंय. याल का मदतीला?"

"मदतीला कशाला? मीच करतो की," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी उठून स्वेटर शोधायला लागले. काम तर आठवड्यानंतरचं होतं.

बोटी बाहेर काढून ठेवायचं एक आवार आहे, त्याला इथे वेर्फ म्हणतात. क्रेनने बोट उचलून लाकडी ठोकळ्यांवर उभी केली होती. काम तसं सोपं. पाणी ओढणारा पाइप सोडवून बादलीत टाकायचा, इंजिन चालू करायचं, आधी साधं पाणी पाजून ते चांगलं तापू द्यायचं, आणि मग बादलीत डब्यांतलं गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे ते न गोठणारं द्रव, ओतत राहायचं. मागच्या नळीतून गुलाबी धार बाहेर आली की समजायचं, आत सगळीकडे पोचलं. मग इंजिन बंद. शेवटी जे आत जातं तेच हिवाळाभर आत राहतं, सगळी गोम एवढीच.

बाबा वर, बोटीत, इंजिनापाशी. मी खाली, मागच्या बाजूला, बाहेर पडणारं द्रव जमिनीवर सांडू नये म्हणून टब धरून. मला ते दिसत नव्हते, नुसता आवाज ऐकू येत होता. पण अधूनमधून ते वरून डोकावून "चाललंय, चाललंय" असं ओरडायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून न दिसलेलं काहीतरी होतं. मी सुखावले. गुलाबी धार आली तशी मी ओरडले, "बंद करा!" इंजिनाच्या धडधडीत त्यांना ऐकू गेलं नसावं. पुन्हा ओरडले, मग ते बंद झालं. बाबा शिडीवरून उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "झकास पंप आहे. आमच्या वेळी असे नव्हते." घरी येऊन त्यांनी दोन वेळा चहा घेतला आणि फोनवर काकांना सगळी हकिकत सांगितली. मी पहिल्यांदाच एका ऑक्टोबरात निर्धास्त झोपले.

खरी थंडी त्या वर्षी उशिरा पडली, पण पडली ती जोरात. इथे कालवे गोठणं म्हणजे सण. शेजारीण माळ्यावरून स्केट्स काढून पुसत बसली, सुपरमार्केटच्या रांगेत अनोळखी माणसं एकमेकांशी हसून बोलायला लागली. मुलगी सकाळी खिडकी उघडून "हेट व्रीस्ट! हेट व्रीस्ट!" म्हणून नाचत होती. गोठतंय, गोठतंय. सगळा गाव आनंदात होता आणि माझ्या छातीत धाकधूक. पण ती नेहमीची धाकधूक होती, तिला मी ओळखत होते. इंजिनात अँटीफ्रीझ आहे, असं स्वतःला बजावत मी कामं उरकत होते.

शनिवार होता. गारठ्याला दोन-तीन रात्री होऊन गेल्या होत्या. नवरा मुलीला घेऊन पाणी सोडलेल्या, गोठलेल्या कुरणावर स्केटिंगला गेला होता, आणि मी मटकीची उसळ करत होते. वाटण कढईत घातलं, मिक्सरच्या भांड्यात पाणी घालून ते हलवलं, विसळलं आणि ते पाणी उसळीत ओतलं. आईही हेच करायची. आमच्या घरात भांड्याच्या कडेला लागलेलं वाटण कुणी कधी वाया घालवलं नाही. बाबा टेबलाशी बसून बघत होते. त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

"तिथेही मी अस्संच केलं," ते म्हणाले.

"कुठे?"

"बोटीत गं. एवढं महागाचं औषध, डब्यांच्या तळाला चिकटून राहिलेलं. टाकायचं कशाला? सगळे डबे पाणी घालून खळखळून विसळले आणि दिलं बादलीत ओतून. थेंब वाया जाऊ दिला नाही."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी अगदी सावकाश विचारलं, "केव्हा, बाबा? आधी की शेवटी?"

"शेवटीच की. डबे रिकामे झाल्याशिवाय विसळणार कसे?"

शेवटी. इंजिन चालू असताना. मी मागे टब धरून "बंद करा" म्हणून ओरडत होते तेव्हा. डबे विसळलेलं पाणी म्हणजे पाणीच, त्यात गुलाबी रंग असेल नसेल तेवढाच, आणि ते सगळ्यात शेवटी आत गेलेलं. ते आता त्या लोखंडाच्या पोटात बसलं होतं आणि बाहेर कालवे गोठले होते.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला पाणी घालायला?" माझ्या तोंडून निघून गेलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

मी बाबांना पाणी गोठण्याचं, फुगण्याचं, तडा जाण्याचं सगळं भराभरा सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या माणसाला पाण्याबद्दल सगळं ठाऊक होतं, फक्त ते दाराबाहेर आपलं आपण गोठतं हे सोडून. सोलापुरात पाण्याचा बर्फ होतो तो फ्रीजमध्ये, तोही वीज असली तर. आणि टंचाईच्या गावात जन्मभर पाणी वाटलेला माणूस डब्याच्या तळाचं द्रव फेकून देईल कसा? हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून राग जात नाही, आणि भीती तर नाहीच नाही.

नवऱ्याला फोन केला. मागे मुलांचा कल्ला. तो म्हणाला, "अगं, थोडं डायल्यूट झालं असेल, इतकंच. पॅनिक होऊ नकोस." त्याला नेहमी सगळं इतकंच वाटतं. मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली. बाबा आधीच बूट घालून दाराशी उभे होते. त्यांच्या हातात त्यांची गुडघे शेकायची रबरी पिशवी होती, गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळलेली.

रस्त्यात शेतांवर पांढरं पसरलं होतं, खाचरांमधल्या पाण्यावर पोरं-थोरं घसरत होती, ऊन छान पडलं होतं. मला त्या सगळ्यांचा राग आला.

वेर्फवर ताडपत्री घातलेल्या बोटी उभ्या होत्या आणि आवाराचा मालक शेडच्या दारात बसून स्केट्सना धार लावत होता. मी शिडीवर चढले, इंजिनावरचं झाकण काढलं. पहिली दिसली ती फिल्टरची वाटी. नदीचं पाणी इंजिनात जाण्याआधी ज्यातून गाळून जातं ती ही पारदर्शक वाटी. ती उभी चिरली होती. आत बर्फाचा गड्डा होता, बीट धुतलेल्या पाण्यासारखा फिकट, गुलाबी म्हणायला मन धजेना असा.

वाटी प्लास्टिकची होती, ती बदलता येते. पण तिच्यात जे होतं तेच पुढे इंजिनातही होतं.

इंजिनाच्या बाजूला खाली एक पितळी तोटी असते, आतलं द्रव काढून टाकण्यासाठी. मी ती उघडली. काही आलं नाही. एक थेंबही नाही. मी पुन्हा फिरवली, वाकून बघितलं, फुंकर मारली. काय करत होते मलाच कळत नव्हतं. मागून बाबा म्हणाले, "सरक जरा." ते गुडघ्यांवर बसले, त्यांना ते बसणं किती जड जातं हे मला माहीत आहे, आणि त्यांनी ती रबरी पिशवी तोटीभोवती, इंजिनाच्या अंगाला लावून धरली. दोन्ही हातांनी. आम्ही थांबलो. आमच्या तोंडातून वाफ निघत होती. मी मनात कुलदैवताला काय काय कबूल करत होते ते आता सांगवत नाही.

बऱ्याच वेळाने तोटीतून एक थेंब आला. मग आणखी एक. मग बर्फाचा चुरा मिसळलेलं, मऊ लगद्यासारखं काहीतरी बाहेर यायला लागलं, आणि त्याचा रंग वाटीतल्यापेक्षा थोडा दाट होता. मी हाताने ते डब्यात धरत राहिले. बोटं बधिर झाली.

मालकाला बोलावलं. त्याने तो लगदा बोटांत चोळून पाहिला, इंजिनाभोवती टॉर्च फिरवला आणि इथल्या माणसांच्या सरळ पद्धतीने सांगितलं, "लगदा झाला असेल तर कदाचित वाचलं असेल. कुठे घट्ट बर्फ झाला असेल तर नाही. बारीक तडा असा दिसत नाही. एप्रिलमध्ये पाण्यात उतरवून चालू केलंस की कळेल." मग त्याने बाबांकडे पाहून मला विचारलं, हे कोण? मी म्हटलं, वडील. त्याने त्यांच्याशी हात मिळवला. बाबांनी त्याला आपला ओला, लाल झालेला हात दिला.

आतलं होतं नव्हतं तेवढं काढून आम्ही त्याच्याकडून घेतलेलं नवीन अँटीफ्रीझ भरलं. या वेळी ओतलं मी. बाबा बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून.

त्यानंतर त्यांनी घरात कशालाच हात लावला नाही. चहा हवा असला तर विचारायचे, "करू का?" स्वतःचं ताटही उचलायचे नाहीत, कुठे ठेवायचं ते मला विचारावं लागेल म्हणून. मी म्हणायचे, "बाबा, असं काय करताय, घर तुमचंच आहे." ते म्हणायचे, "हो हो." नवऱ्याने त्यांना मुद्दाम नळाचा वॉशर बदलायला सांगितलं तर म्हणाले, "इथले नळ तुम्हालाच माहीत." मला रडू यायचं आणि मग रडू आल्याचा राग यायचा. मी त्यांना दोष द्यायचं थांबवलं होतं, पण मनाने हिशेब काही सोडला नव्हता. रात्री डोळे मिटले की ती चिरलेली वाटी समोर यायची.

जानेवारीत ते परत गेले. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि इंजिनाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

मग सुरू झालं वाट पाहणं. आइंडहोवनहून एका बाईचा फोन आला, तिचे सासूसासरे एप्रिलमध्ये येणार, ट्यूलिपच्या दिवसांत बोटीतून फिरवाल ना? "नक्की करते आणि कळवते," मी म्हटलं. दुसरा फोन, तिसरा. प्रत्येकाला मी तेच सांगत होते. मी उगाच वेर्फवर जायचे, झाकण उघडून इंजिनाकडे बघत बसायचे, पुन्हा झाकायचे. मालक लांबूनच हात करायचा. लोखंड बाहेरून तसंच दिसत होतं, काळं आणि मुकं. एकदा तर मी घरी नोकरीच्या जाहिराती बघत बसले, बोट गेलीच तर हात रिकामे राहायला नकोत म्हणून.

बाबांशी दर रविवारी बोलणं व्हायचं. ते विचारायचे थंडी कमी झाली का, नात काय म्हणते, तू नीट जेवतेस ना. इंजिनाबद्दल चकार शब्द नाही. सुरुवातीला मला वाटलं, बरंच आहे. मग वाटायला लागलं, विसरलेत. आणि मग मात्र मनात चरफडायला लागले, की इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना आठवणसुद्धा नाही. एका रविवारी मी जवळजवळ बोलून गेले असते. तेवढ्यात ते म्हणाले, "बरं, ठेवतो," आणि ठेवला.

एप्रिलचा तो दिवस ढगाळ होता. क्रेनने बोट उचलून पाण्यात सोडली, पण पट्टे सोडले नाहीत, काही गडबड झालीच तर लगेच वर घेता यावी म्हणून. नवरा सुट्टी घेऊन आला होता. नवीन वाटी बसवली होती. मी व्हॉल्व्ह उघडला, किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, थांबलं. पुन्हा फिरवली. कण्हलं, खोकलं आणि धरलं. मागून पाण्याची धार पडायला लागली.

एवढ्यावर खूश होऊन चालत नाही. तडा असला तर तो तापल्यावर उघडतो. मी पोटावर पडून टॉर्चने इंजिनाची प्रत्येक बाजू पाहत राहिले. कुठे ओल? कुठे थेंब? पाण्याला वाट मिळून ते तेलात गेलं तर तेल दुधाच्या चहासारखं होतं, असं मालकाने सांगून ठेवलं होतं. इंजिन चांगलं तापू दिलं, मग बंद केलं आणि तेल तपासायची पट्टी ओढली. पट्टीवरचं तेल काळं होतं. स्वच्छ काळं. मी ती पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. काळंच. मालकाने वरून वाकून बघितलं, मान हलवली आणि पट्टे सोडायला सांगितले.

मी तिथेच इंजिनाशेजारी बसून रडले. नवऱ्याने पुन्हा इंजिन चालू केलं, नुसतं ऐकायला. मग मी बाबांना फोन लावला. मंगळवार होता, सोलापुरात ऐन दुपारची वेळ. या वेळी मी कधी फोन करत नाही. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला.

मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "थांब. थांब जरा. आधी खाली बसतो."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्यांचा श्वास. "हं. पाण्यात सोडली ना आज? आता सांग."

तारीख मी त्यांना सांगितली नव्हती. मुलीला विचारून घेतली होती त्यांनी, आणि तिला आईला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं, हे मला नंतर कळलं. दर रविवारी ते थंडीचं का विचारत होते, तेही मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

"चालू आहे, बाबा," मी म्हटलं. "काही झालेलं नाही. तेल काळं आहे. ऐका." आणि फोन इंजिनाजवळ धरला.

फोन पुन्हा कानाला लावला. मग ते बोलले, इतकं हळू की मला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला.

"मग पुढच्या वेळी," ते म्हणाले, "मला हात लावू देशील?"

मी हो म्हणाले. इंजिनाच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही, "काय? काय म्हणालीस?" असं ते विचारत राहिले, म्हणून मी उभी राहून ओरडून पुन्हा म्हणाले.